बसू नये म्हणून

आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सकाळी मी फाट्यावर एसटीतून उतरले आणि सवयीनं आमच्याच घराच्या ओट्यावर टेकले. हातातली पिशवी जड होती, ऊन चढलेलं होतं, आणि गाडीतून उतरल्यावर घरात शिरायच्या आधी या ओट्यावर क्षणभर टेकायचं हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. टेकले आणि काहीतरी गार, चिकट लागलं. हात फिरवून बघितला तर तळवा काळाकुट्ट. नाकाशी नेला. ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेल्या जळक्या ऑइलचा वास.

"अहो बाई, उठा उठा! ऑइल लावलेलंय तिथं!" मोबाइल रिचार्जच्या दुकानातला माणूस ओरडला. ओट्याचा निम्मा भाग पाडून तिथं आता तीन गाळे काढलेत, त्यातला हा एक.

"कुणी लावलं?"

"मालकानं. लोकं बसून राह्यले रोज. बसू नये म्हणून."

मालक म्हणजे माझा धाकटा भाऊ दिगंबर. आमचा दिगू.

मी तशीच उभी राहिले. साडीला मागून केवढा डाग पडलाय ते मला दिसत नव्हतं, पण दुकानदाराच्या चेहऱ्यावरून कळत होतं. समोर लिंबाच्या सावलीत पाचसहा माणसं एसटीची वाट बघत उभी होती. सगळी उभी. एकाही माणसानं ओट्याकडं पाय टाकलेला नव्हता. त्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते या घराच्या लेकीला.

हा ओटा म्हणजे आमच्या लहानपणी स्टँडच होता. तीर्थपुरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर एकटंच फाट्याला. गाव आत, चालत जायच्या अंतरावर. एसटीनं इथं कधी शेड बांधली नाही, कारण ओटा होता. कंडक्टर फाट्याचं नाव घ्यायचेच नाहीत. "चला, ओटा आला, ओटावाले उतरा," म्हणायचे. काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला, पुरुषभर रुंद ओटा. उन्हाळ्यात लिंबाचा मोहर त्यावर सांडलेला असायचा, आणि बसलेली माणसं उठली की त्या बारीक पांढऱ्या फुलांत त्यांच्या बसण्याचे आकार उरायचे. मी आणि दिगू त्या आकारांत बसून बघायचो. कोण लठ्ठ होतं, कोण बारीक.

दाराशी गोणपाट गुंडाळलेला रांजण असे. ओल्या गोणपाटाचा वास, आत बुडणाऱ्या तांब्याचा 'बुडुक' आवाज, आणि पाणी पिताना माणसांच्या गळ्याची घटघट. माझा उन्हाळा असाच ऐकू यायचा. पावसाळ्यात ओल्या घोंगड्यांचा वास असायचा, आणि हिवाळ्यात कापसाचा. सरकीला चिकटलेल्या कापसाची बोचकी घेऊन माणसं जालन्याला निघालेली असत. ती गेल्यावर कापसाचे पुंजके दिवसभर ओट्यावरून घरात, घरातून परसात हिंडायचे.

या सगळ्याची धनीण होती जनाआत्या. अण्णांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली. तिला घरात कुणी काम सांगत नसे आणि ती कुणाला विचारत नसे. तिनं ओटा आपला म्हणून घेतला होता. दूरवर ओढ्याच्या चढाला एसटीचा गिअर बदलला की आतूनच ओरडायची, "गाडी वढ्यापाशी आली. पाणी पिऊन घ्या." लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. कुणी जेवायचा आहे का हे ती तोंडाकडं बघून ओळखायची आणि भाकरीवर ठेचा घालून पुढं करायची. एकच प्रश्न विचारायची, "कुठले म्हणायचे?" माणूस गावाचं नाव सांगायचा. पुढचं काही नाही. आडनाव तर कधीच नाही. भूगोलाचं पुस्तक हातात यायच्या आधी जिल्ह्यातली किती गावं मला या एका प्रश्नानं पाठ झाली.

विसरलेल्या वस्तू ती कोनाड्यात ठेवायची. छत्र्या, विळे, जेवणाचे डबे, एकदा एका नवरदेवाचे नवेकोरे बूट. मालक कधी ना कधी परत येणार, हे तिनं गृहीतच धरलेलं.

आणि एकदा तिथं एक बाळ जन्मलं.

पोळ्याच्या आसपासचे दिवस होते. दुपारपासून झड लागलेली. ओढा भरून वाहत होता, गाडी पलीकडंच अडकली. ओट्यावर एक पोटुशी बाई एकटीच बसली होती. ती एकटी का निघाली, सोबत कुणी का नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कुणी सांगितलं नाही. तिच्या हातातली पिशवी आणि पिशवीला घट्ट धरलेली बोटं एवढंच आठवतं. आत्यानं विचारलं, "कुठले म्हणायचे?" ती म्हणाली, "हसनाबादचे." आणि कळ येऊन तिनं ओठ दाबला.

हसनाबाद म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. आत्यानं तिला हाताला धरून आत घेतलं, ते थेट आपल्या खोलीत. मला गावातून सुईणीला आणायला पिटाळलं. मी भिजत परत आले तेव्हा शेजारच्या मळ्यातली एक म्हातारी ओट्यावर उभी राहून म्हणत होती, "अगं जने, आधी जात तरी विचार. घरात घेऊन बसलीस."

आत्या आतून ओरडली, "बाळ झाल्यावर विचारू. तवर तू पाणी तापव."

म्हातारीनं मुकाट्यानं चुलीत लाकडं सारली. बाळ झालं. मुलगी. जात विचारायची मात्र सगळीच विसरली.

पुढं कितीतरी दिवस आमच्या घराला बाळंतिणीच्या घराचा वास होता. ओव्याची धुरी, बाळंतशेपा, तुपात तळलेला डिंक. आईनं तिच्यासाठी वेगळा मऊ भात टाकला. अण्णा, जे एरवी घरात मोठ्यानं खोकायचे, ते चपला हातात घेऊन उंबरा ओलांडायला लागले. पाचवीला पाटा-वरवंटा पुजला. आणि जिनं कधी स्वतःचं मूल हातात घेतलं नव्हतं ती आत्या पाय लांब करून, त्यावर बाळ पालथं टाकून, कोमट पाणी घालायची. गाणं येत नव्हतं तिला. ती गावांची नावं म्हणायची, एकामागून एक, गाण्यासारखी.

निरोप कंडक्टरच्या तोंडी गेला. इथल्या कंडक्टरनं अंबडच्या कंडक्टरला सांगितलं, त्यानं जालन्याच्या, त्यानं भोकरदनच्या. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. कुणाचं कोण ती बाई, पण तो निरोप माणसामाणसानं जपून पुढं दिला आणि एका सकाळी तिचा भाऊ येऊन ओट्यापाशी उतरला. आत्यानं आपल्या जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलं होतं. त्यात गुंडाळून बाळ गेलं. त्यांचं पुढं काय झालं, आम्हाला कधी कळलं नाही. त्या दिवशी आत्या जेवली नाही, एवढंच.

त्या दगडावर, त्याच दगडावर, जळकं ऑइल.

मी आत गेले तेव्हा दिगू सोवळ्यात होता. आखिती म्हणजे आमच्याकडं पितरांना पाणी द्यायचा दिवस. मातीचे करे भरलेले, त्यात वाळा टाकलेला, वर आंबे ठेवलेले. आमरसाचा वास घरभर. भिंतीला अण्णांचा आणि जनाआत्याचा फोटो, ताज्या हारात.

"ये अक्का, बराबर वेळेवर आलीस," तो म्हणाला. "आत्याच्या नावाचा करा तुझ्या हातानं ठेव."

मी त्याच्याकडं पाठ केली. साडी दाखवली.

"अरे! तू ओट्यावर बसलीस? तुला सांगायचं राह्यलं बघ."

"बाकीच्यांना सांगून ठेवलंयस का? पाटी लावलीस?"

"पाटी लावून लोकं ऐकत न्हाईत, अक्का. तुला काय होतंय बोलायला. तू दोन दिवसासाठी येतीस. हितं मी राहून राह्यलो. दारूच्या बाटल्या, गुटख्याच्या पिचकाऱ्या. मागं मोटरीचं स्टार्टर गेलं चोरीला. गाळेवाले म्हणतेत, दारात गर्दी असली की गिऱ्हाईक चढत न्हाई. कुणाकुणाला हाकलू?"

त्याचं सगळंच खोटं नव्हतं. पण दारू पिणारा अंधार पडल्यावर येतो, स्टार्टर चोरणारा ओट्यावर बसून एसटीची वाट बघत नाही. भर उन्हात टेकायला येतं ते दवाखान्यातून परत निघालेलं माणूस, लेकरू काखेत घेतलेली बाई, गुडघे गेलेला म्हातारा. ऑइल त्यांनाच लागतं.

"दिगू," मी म्हटलं, "ज्या बाईच्या नावानं तू आत पाणी ठेवून राह्यलास, तिनं जन्मभर याच ओट्यावर पाणी पाजलं. मेलेल्या आत्याला वाळ्याचं पाणी, आणि जित्या माणसाला हे?"

"तो जमाना गेला."

"जमाना कुठं जात नसतो. माणसं घालवतात."

माझा आवाज चढला होता. दिगूची बायको कांता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला आमरस तसाच. ती काही बोलणार तेवढ्यात बाहेरून कुणाचा तरी आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. दुखरं, "अगं आई गं" असं काहीतरी.

मी बाहेर धावले. एक बाई ओट्यापाशी उभी होती, चाळिशीची असेल, पायाशी आंब्याची पाटी. ती मान वळवून वळवून आपल्या पाठीमागं बघायचा प्रयत्न करत होती. हिरवी, जरीच्या काठाची नवी साडी. मागून हातभर काळी.

लिंबाखालची माणसं बघत होती. रिचार्जवाला म्हणाला, "मी आवाज दिल्ता त्यांना." जणू त्याचं काम झालं.

"आत चला," मी म्हटलं.

"न्हाई बाई, घरात कशाला. आता गाडी यील." आणि तिला रडूच फुटलं. "विहिणीनं नेसवल्याली हाय वो ही. पोरगी दिल्यापासून पहिल्यांदाच चाल्ले तिच्याकडं, कुंभार पिंपळगावला. आखितीचे आंबे घेऊन. हीच नेसून ये म्हणून पोरीनं दोनदा फोन केल्ता. आता मी काय तोंड दाखवू?"

मी तिचा हात धरला. माझ्या काळ्या तळव्याचा डाग तिच्या मनगटालाही लागला. तिला मी आत आणलं. दिगू सोवळं सावरत बाजूला झाला.

मी माझी पिशवी उघडली. सणाला नेसायला आणलेली चांगली साडी काढून तिच्यापुढं धरली. तिनं ती हातानं चाचपली, मान हलवली. "चांगली हाय. पण न्हाई जमायचं. दुसरी नेसून गेले तर विहीणबाईला वाटंल, दिलेली आवडली न्हाई हिला. पोरीला बोलतील."

तेव्हा कांता पुढं झाली. तिनं बाईला आपली घरातली साडी नेसायला दिली आणि हिरवी साडी परसात नेली. डागावर आधी बेसनपीठ दाबलं, मग चिंधीनं थोडं डिझेल, मग भांड्याचा साबण. मी पाणी ओतत होते. कांताच्या बांगड्यांचा आवाज आणि तिचे दाबून धरलेले ओठ. काळं गेलं, राखाडी उरलं. राखाडी काही केल्या जाईना. वैशाखाच्या उन्हात साडी बघता बघता वाळली; तेवढ्यात बाहेर एसटी आली, थांबली आणि गेली.

बाईनं तो आवाज ऐकला.

कांतानं तिला साडी नेसवली. पदर डोक्यावरून घेऊन मागं ओढला, पाठीवरून खाली आणून कमरेला खोचला. दोन पावलं मागं सरून बघितलं. "दिसत न्हाई आता. फक्त वाकू नका त्यांच्यापुढं."

"आन् पाया पडायच्या येळंला?" बाईनं विचारलं.

मी बाहेरच्या खोलीत गेले. "दिगू, गाडी काढ. यांना सोडून ये."

"आता? पितरांचं पान वाढायचंय अजून."

"पितर थांबतील. त्यांना एसटी गाठायची न्हाई."

तो आत जाऊन सोवळं बदलून, शर्ट घालून आला. आंब्याची पाटी त्यानं स्वतः उचलली. गाडी गेली आणि मागं धूळ तेवढी राहिली.

मी पदर खोचला. राख, सोडा, कढत पाणी आणि नारळाचा काथ्या घेऊन ओट्यावर बसले. ऑइल दगडाच्या रंध्रात गेलेलं. घासावं तसं आणखी वर यायचं. रिचार्जवाला दुकानातून म्हणाला, "बाई, मालक रागावतील." मी म्हटलं, "मीबी मालकीणच आहे." आयुष्यात पहिल्यांदाच मी या घरावर हक्क सांगितला असेल, तोही दगड घासायला.

थोड्या वेळानं कांता दुसरा काथ्या घेऊन शेजारी येऊन बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "पहिल्यांदा लावलं तेव्हाच मी म्हणलं व्हतं यांना. मागं एक कॉलेजची पोरगी रडत गेल्ती हितून. परीक्षा का काय होती तिची."

"मग तू काय केलंस?"

तिनं काथ्या पाण्यात बुडवला, पिळला. "दार लावून घेतलं."

मला तिचा राग यायला हवा होता. आलाही. पण तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि ती थांबत नव्हती. ओट्याचा कोपरा आला तशी ती उठली, जिन्याखालचा ऑइलचा डबा काढून आणला आणि रस्त्यावरून चाललेल्या मळणीयंत्रवाल्याला थांबवून देऊन टाकला. "वंगणाला घ्या," म्हणाली. तो विचारत होता, कितीला. तिनं हातानंच जा म्हटलं.

दिगू यायला फार उशीर झाला. पानं वाढायची तशीच राहिली, आमरस वरून काळवंडला. आला तो थेट नळावर गेला, तोंड धुतलं आणि ओसरीत पाट घेऊन बसला.

"सोडलं?" मी विचारलं.

"सोडलं."

"मग इतका वेळ?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "जेवल्याशिवाय उठूच देईनात. मी म्हणलं घरी पितरं उपाशी हायेत. तर विहीणबाई म्हणल्या, आमच्या विहिणीला सोडायला आलेलं माणूस उपाशी गेलं तर आमचे पितर जेवायचे न्हाईत. ताटाला पाट, पाटाला रांगोळी. रस वाढून वाढून नको केलं."

"आणि डाग? दिसला त्यांना?"

"पाया पडलेल्या पोरीला उठवून कवटाळताना पदर सुटला. विहिणीनं विचारलं, हे काय लागलं." तो थांबला. "ती बाई म्हणली, सकाळी एसटीच्या दाराला लागलं. माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई."

बोलायचं तर खूप होतं. ज्यानं ऑइल ओतलं त्याच्यापुढं रांगोळी घातलेला पाट, आणि ज्या बाईची साडी गेली तिनंच त्याची अब्रू झाकली. तिला काय गरज होती? तिनं सांगायला हवं होतं. भर पंगतीत बोट दाखवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. दिगूला तो घास घशात अडकायला हवा होता. कदाचित अडकलाही असेल. पानं वाढली तेव्हा तो जेवला नाही, आणि आत्याच्या नावाचा करा त्यानं माझ्याकडं न देता स्वतःच उचलून ठेवला. ओट्याबद्दल मात्र एक शब्द नाही. डब्याबद्दलही नाही.

उन्हं कलली तेव्हा मी बाहेर आले. ओटा वाळून स्वच्छ झाला होता. काळ्या दगडात थोडी तेलकट झाक होती, तेवढीच. संध्याकाळच्या गाडीची माणसं लिंबाखाली जमली होती. उभीच.

"बसा ना," मी म्हटलं. "धुतलाय आता."

माणसं एकमेकांकडं बघून हसली. "राहू द्या ताई, उभंच बरंय." एक जण मोबाइलमध्ये बघायला लागला. एका बाईनं लेकराला जवळ ओढून घेतलं, जणू मी काही विकायला आले होते.

शेवटी एक म्हातारा पुढं आला. धोतर, पागोटं, हातात काठी. अण्णा असते तर त्यांच्या वयाचा. त्यानं ओट्यावरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं, बोट नाकाशी नेलं. मग हळू आवाजात विचारलं, "बाई, हितं बसायचं काही द्यावं लागतं का?"

दिगू माझ्या मागं दारात येऊन उभा होता. त्यानं ते ऐकलं. "न्हाई बाबा, बसा," तो म्हणाला, आणि आत निघून गेला.

म्हातारा बसला. पण पुरा नाही. कडेला, काठीवर सगळा भार देऊन, कुणी ओरडलं तर लगेच उठता यावं असा. मी तांब्याभर पाणी आणून दिलं. त्यानं ते वरून प्यायलं, तोंड पुसलं. गाडी आली. तो उठला, दोन पावलं गेला, आणि परत फिरला. काठी काखेत धरून त्यानं मला दोन्ही हात जोडले. मान झुकवली.

"लई उपकार झाले, माय," म्हणाला.

आमच्या ओट्यावर कुणी कधी हात जोडले नव्हते. माणसं यायची, बसायची, पाणी प्यायची, पोरांवर खेकसायची, पाऊसपाण्याचं बोलायची, आणि गाडी आली की आपल्याच घरातून निघावं तशी मागं न बघता निघून जायची. गाडीचा दरवाजा लागला, म्हातारा आत बसला. मी तिथंच उभी होते, तांब्या हातात घेऊन. घटकाभर दगडावर टेकू दिलं म्हणून बापाच्या वयाच्या माणसानं मला हात जोडावेत, याचा मला संताप संताप आला.